साकोलीच्या मुद्रककाकांना अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

माजी मालगुजारी तलावांवरचे, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) मालकीच्या पूर्व विदर्भातल्या सिंचन तलावांवरचे, माझे पुस्तक आपल्या छापखान्यातून बाहेर पडले आणि पैशांचा हिशेबही त्याच दिवशी पुरा झाला. परंतु आपण त्या पुस्तकासाठी जे केले, त्यातले बरेचसे बिलात कुठेच नव्हते. त्याचे आभार चारचौघांत मानावेत, या इच्छेने हे पत्र लिहीत आहे.

हे पुस्तक आधी ई-पुस्तक म्हणून मी स्वतःच प्रसिद्ध केले होते. ते नागपूर-पुण्याच्या वाचकांनी मोबाइलवर वाचले, काहींनी आपुलकीने कळवलेही. मात्र ज्यांच्या धानाच्या बांध्या या तलावांवर पिकतात, ज्या मासेमार ढिवर बांधवांनी तलावाच्या पाळीवर (बांधावर) बसून मला सारी माहिती सांगितली आणि ज्या म्हाताऱ्या माणसांना १९५१ साली मालगुजारी जाऊन तलाव सरकारकडे गेल्याचा काळ आठवतो, त्यांच्या हाती ते पडले नव्हते. त्यांना छापील पुस्तकच हवे होते. एका ठिकाणी मला ‘फाइल द्या, आठ दिवसांत छापून देतो’ असे सांगण्यात आले. आपण मात्र फाइल ठेवून घेतली आणि आधी संपूर्ण पुस्तक वाचले.

त्या वाचनातूनच ग्रामसूचीची कल्पना निघाली. मोबाइलवर गावाचे नाव टाकले की ते जिथे जिथे आले असेल ती जागा सापडते. छापील पुस्तकात ही सोय आपल्यालाच करून द्यावी लागते आणि आमच्याकडचा वाचक सर्वांत आधी स्वतःचे गाव शोधतो, हे आपण मला समजावून सांगितले. ई-पुस्तकाला ठरलेले पान नसते, कारण वाचकाने अक्षर मोठे केले की मजकूर पुढे सरकतो. त्यामुळे पाने पक्की झाल्याशिवाय सूचीला हात लावता येत नव्हता, आणि त्यानंतर एक परिच्छेद जरी हलला तरी पुढचे आकडे बदलत होते. ‘वर दिलेल्या दुव्यावर पाहावे’ अशी जी वाक्ये होती, त्या प्रत्येकाच्या जागी पृष्ठक्रमांक घालावा लागला. हे किचकट काम आपण आणि आपल्याकडे अक्षरजुळणी करणाऱ्या ताईंनी कसलीही घाई न करता केले. आज अर्जुनी मोरगाव तालुक्यातला शेतकरी शेवटची पाने उघडून आपल्या गावच्या बोडीपर्यंत (लहान तलावापर्यंत) थेट पोचतो, याचे श्रेय आपणा दोघांचे आहे.

अक्षरांच्या बाबतीतही आपण असेच जपून वागलात. युनिकोडमधला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये वळवला की ‘शेतकऱ्यांच्या’, ‘दुसऱ्या’ अशा शब्दांतला अर्धा र तुटतो आणि पहिली वेलांटी जागा सोडते, हे आपण एका पानावर करून दाखवले. जुन्या सॉफ्टवेअरवर आपला हात बसलेला असूनही, केवळ या पुस्तकासाठी युनिकोड नीट हाताळणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरवर काम केले. शिवाय, वृद्धांच्या तोंडचे पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीतले ‘पानी’ मुद्रितशोधनात ‘पाणी’ होऊ नये, म्हणून अशा प्रत्येक उताऱ्यावर आपण स्वतः खूण केली होती. ती माणसे पुस्तकात त्यांच्याच वाणीने बोलतात, हे मला फार मोलाचे वाटते.

छायाचित्रांचे आणि नकाशांचे काम तर मुळापासूनच झाले. पडद्यावर सुरेख दिसणारे १०८० बिंदू रुंदीचे छायाचित्र इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने कागदावर जेमतेम ३.६ इंच भरते, म्हणून आपण मूळ छायाचित्रे मागवून घेतली. नकाशातले निळे तलाव आणि हिरव्या बांध्या काळ्या शाईत एकाच करड्या छटेच्या झाल्या असत्या. ताईंनी ते नकाशे रेघा आणि ठिपके वापरून नव्याने काढले.

व्यवहारात तर आपण माझी बाजू माझ्यापेक्षा अधिक सांभाळली. ऑफसेटच्या प्लेटचा खर्च ठरलेला असतो, त्यामुळे जास्त प्रती काढल्या की एकेक प्रत स्वस्त पडते. तरीही हजार प्रतींचे मोठे काम सोडून आपण मला पाचशेच छापायला सांगितले, कारण घरात पडून राहिलेल्या गठ्ठ्यांना पावसाळ्यात ओल आणि वाळवी लागते. डेमी आकारात १७६ पाने, म्हणजे सोळापानी नेमके अकरा फर्मे (एकत्र छापून घडी घातलेले पानांचे गट) बसवल्यामुळे कागद वाया गेला नाही. जो खर्च वाचला, तो नुसत्या डिंकाऐवजी फर्मे शिवून बांधणी करण्याकडे वळवावा, हाही आपलाच आग्रह होता, कारण गावच्या वाचनालयातले पुस्तक अनेक हातांतून जाते आणि पुरते उघडून वाचले जाते.

छापील आवृत्तीला ई-पुस्तकाहून वेगळा आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) लागतो आणि तो नवी दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, हेही आपणच सांगितले. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार ग्रंथालयांना पाठवायच्या प्रतीही आपण आठवणीने बाजूला काढून ठेवल्या होत्या.

आता एक कळवायचे आहे. सूचीत आपले गाव न दिसल्याने काही गावांतून निरोप आले आहेत आणि तिथले जुने लोक आपल्या तलावाची माहिती द्यायला तयार आहेत. धानाची कापणी आटोपली की मी त्या गावांना जाणार आहे. दुसऱ्या आवृत्तीत एखादा फर्मा वाढेल असे वाटते. ते काम आपल्याच छापखान्यात व्हावे आणि नकाशे ताईंनीच काढावेत, ही विनंती. पुस्तकाच्या श्रेयपानावर ताईंचे नाव या वेळी राहून जाऊ नये, म्हणून ते कसे छापावे हे त्यांना विचारून कळवावे.

आपली कृतज्ञ,
तलावांच्या पुस्तकाची लेखिका