धनुष्कोडीहून गाडी नव्हे, बोट जायची

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रामेश्वर सहलींचा मोसम आला की ‘धनुष्कोडीहून थेट श्रीलंकेला रेल्वे जात असे’ हे वाक्य पुण्यातल्या सहलींच्या पत्रकांत हमखास दिसते. आपल्या पुरवणीतील लेखातही ते आले आहे. ते चुकीचे आहे.

रूळ रामेश्वर बेटाच्या टोकाला, धनुष्कोडीच्या धक्क्यापाशी संपत. पुढे श्रीलंकेतील तलैमन्नारपर्यंत सुमारे ३५ किलोमीटर समुद्र. तो पार करून देणारी आगबोट साउथ इंडियन रेल्वेच्या स्वतःच्या मालकीची होती. बेटाला मुख्य भूमीशी जोडणाऱ्या पांबन रेल्वेपुलाबरोबर २४ फेब्रुवारी १९१४ रोजी ही सेवा सुरू झाली. त्यासाठी कर्झन, एल्गिन आणि हार्डिंज या बोटी आदल्या वर्षी ग्लासगोत बांधून घेतल्या होत्या. आयर्विन आणि गोशेन नंतरच्या. त्याआधी कोलंबोला जायचे तर तुतिकोरिनहून अख्खी रात्र बोटीत काढावी लागे.

रामसेतूवरून रूळ न्यायचा विचार झाला होता, तो खर्चापायी बारगळला. मग मालाचे डबेच बोटीवर का चढवले नाहीत? धनुष्कोडीकडचा रूळ मीटरगेज, म्हणजे दोन रुळांतले अंतर १,००० मिलिमीटर. पलीकडचा ब्रॉडगेज, १,६७६. इकडचा वॅगन तिकडे उतरवला तरी चालणार कशावर? त्यामुळे एकेक पोते, पेटी, टपालाची थैली आधी वॅगनमधून बोटीत आणि मग बोटीतून दुसऱ्या वॅगनमध्ये, अशी दोनदा हलवावी लागे. उतारूंमध्ये मोठा भरणा सिलोनच्या चहामळ्यांवर निघालेल्या तमिळ मजुरांचा. पटकी आणि प्लेगच्या धास्तीने त्यांना आधी पुलाच्या अलीकडे मंडपमच्या छावणीत अडकवून ठेवत. या लोकांचा उल्लेख कुठल्याच सहलपत्रकात नसतो, याचे फार वाईट वाटते.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळात पांबन–धनुष्कोडी पॅसेंजर प्रवाशांसकट वाहून गेली. पांबन पुलाच्या १४५ पैकी १२६ गाळ्यांचे गर्डर समुद्रात गेले. रेल्वे अभियंते ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली पूल ४६ दिवसांत उभा राहिला. धनुष्कोडीचा फाटा मात्र पुन्हा टाकलाच नाही. बोट रामेश्वरहून सुटू लागली आणि १९८० च्या दशकात श्रीलंकेतील यादवीमुळे तीही थांबली.

चेन्नई–रामेश्वरम गाडीला लोक आजही बोट मेल म्हणतात. सहल कंपन्यांनी आपल्या पत्रकांत धनुष्कोडी स्थानकाच्या पडक्या भिंतींचा फोटो जरूर छापावा, पण त्याखाली या बोटींची नावे द्यावीत आणि ‘थेट रेल्वे’ हे शब्द काढून टाकावेत. आपणही पुरवणीत तशी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– रेल्वे इतिहासाचे अभ्यासक वाचक, पुणे