सेल्फ घेते, पण गाडी चालू होत नाही : न तपासता बदललेल्या पार्टबद्दल तक्रार

दिनांक : 21 जुलै 2025

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
हलकी व्यावसायिक वाहने

विषय : आपल्या अधिकृत सेवा केंद्राने बिघाड न शोधता डिझेल फिल्टर, पंप व इंजेक्टर बदलून घेतलेले 59,210 रुपये परत मिळणेबाबत व जुने पार्ट ताब्यात मिळणेबाबत.

महोदय,

मी जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ राहतो. 2022 साली आपल्या कंपनीची डिझेल पिकअप कर्ज काढून घेतली, हप्ते अजून चालू आहेत. ड्रायव्हर ठेवलेला नाही. गाडी मीच चालवतो आणि घर त्यावरच चालतं. हंगामात नारायणगावहून टोमॅटो भरायचा, आळेफाटा, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण करत रात्रीतून वाशी मार्केट गाठायचं, असा माझा धंदा. गाडी 1,18,000 किलोमीटर झाली आहे. वॉरंटी किलोमीटरवर संपली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. सर्व्हिस वेळच्या वेळी आपल्याच केंद्रात केली आहे आणि प्रत्येक बिल जपून ठेवलं आहे.

11 जूनच्या रात्री घाट उतरून टोकावड्याला चहाला थांबलो. दहा मिनिटांनी चावी फिरवली तर सेल्फ जोरात, इंजिन फिरतंय, पण पकडत नाही. चार-पाच वेळा मारून पाहिलं. बॅटरी चांगली, लाइट मंद होत नव्हती, डिझेल अर्ध्या टाकीच्या वर. बॉनेट उघडं ठेवून बसलो. पाऊण तासाने पहिल्याच सेल्फला गाडी चालू झाली, जसं काही झालंच नव्हतं. 13 तारखेला मी सेवा केंद्रात गेलो आणि हे सगळं सांगितलं : गरम असताना चालू होत नाही, थंड झाली की होते. जॉब कार्डवर फक्त ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम’ एवढंच लिहिलं गेलं. डिझेलमध्ये पाणी आहे म्हणून टाकी साफ केली, डिझेल फिल्टर बदलला, 6,340 रुपये घेतले. काढलेलं पाणी मला दाखवा म्हटलं, तर फेकलं म्हणाले.

त्यानंतर 19 जूनला जे झालं ते मी नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यात आहे.

माळशेज घाट, पहाटेचे अडीच, पाऊस आणि धुकं. मागे 75 क्रेट, तिसरा गियर, उतार. ॲक्सिलरेटर एकदम मेला. मीटरकडे पाहिलं तर आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या वेगाचा, काटा शून्यावर. गाडी मात्र गियरमध्ये उतरत होती, म्हणजे चाकं इंजिनाला फिरवतच होती. इंजिन फिरतंय आणि काटा शून्य दाखवतोय, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. कडेला घ्यायला क्लच दाबला तशी स्टिअरिंग दगडासारखी जड झाली, आणि दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेकही कडक झाला. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. हँडब्रेक ओढून, खाली उतरून चाकाला दगड लावला तेव्हा माझे हात थरथरत होते. ते आजही आठवलं की गाडीत बसताना छातीत धस्स होतं.

तिथे तीन तास उभा होतो. ओळखीच्या एका पिकअपवाल्याला फोन करून बोलावलं, पावसात दोघांनी क्रेट त्याच्या गाडीत चढवले. वाशीला माल पोचेपर्यंत सकाळचा सौदा उरकला होता. त्यातले 30 क्रेट माझ्या चुलत्यांचे, बाकीचे गावातल्या दोघांचे. पडलेला भाव आणि दुसऱ्या गाडीचं भाडं मी माझ्या खिशातून भरलं, कारण त्यांनी माल माझ्या भरवशावर दिला होता.

गाडी टोचन करून 20 जूनला सेवा केंद्रात आणली. तेव्हा ती थंड असूनही चालू होत नव्हती. सल्लागार साहेबांना मी काट्याचं सांगितलं, अगदी दोनदा सांगितलं. ते म्हणाले, ‘तुम्ही गाडी चालवा, बिघाड आम्ही बघतो.’ जॉब कार्डवर पुन्हा ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम’. चार दिवसांनी फोन आला की हाय प्रेशर पंप (डिझेलला दाब देणारा) गेला आहे, दोन इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे) लीक आहेत, करायचं का ते लगेच सांगा. हंगाम चालू, गाडी उभी, हप्त्याची तारीख जवळ. मी हो म्हटलं. पंप, दोन इंजेक्टर, त्यांचं कोडिंग (गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंद), मजुरी आणि कर धरून 52,870 रुपये झाले. त्यासाठी पतपेढीतून उचल घेतली.

28 जूनला गाडी चालू अवस्थेत दिली. 2 जुलैला नारायणगाव बायपासला तीच गत : सेल्फ घेते, गाडी चालू होत नाही. 3 जुलैला आपल्या केंद्रातून मोबाइलवर नवीन इस्टिमेट आलं, आता ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बदलावा लागेल, 38,500 रुपये. त्या दिवशी मी पहिल्यांदा नाही म्हटलं.

4 जुलैला आळेफाट्याच्या एका मेस्त्रींना घरी बोलावलं. त्यांचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड आणि जुना स्कॅनर. त्यांनी काय केलं ते मी शेजारी उभं राहून पाहिलं आणि तेच इथे लिहितो. त्यांनी आधी मला विचारलं, ‘भाऊ, बंद पडली तेव्हा काय काय झालं ते पहिल्यापासून सांग.’ मी काट्याचं सांगताच ते थांबले आणि म्हणाले, परत सांग.

मग मला सेल्फ मारायला लावून ते सायलेन्सरपाशी हात धरून बसले. धूर अजिबात नव्हता. ते म्हणाले, डिझेल आत जाऊन जळत नसतं तर पांढरा धूर आला असता, इथे इंजेक्टर डिझेल सोडतच नाहीत. चावी चालू केल्यावर इमोबिलायझरचा (चोरीपासून इंजिन बंद ठेवणाऱ्या कुलपाचा) दिवा विझतो का ते पाहिलं, विझत होता. सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज मोजलं, 10.4. मग स्कॅनर लावून पुन्हा सेल्फ मारायला लावला आणि पडदा माझ्याकडे वळवला. रेल प्रेशर, म्हणजे पंपाने इंजेक्टरकडे दिलेला डिझेलचा दाब, 300 बारच्या आसपास चढत होतं, पण इंजिनचा वेग शून्य. इंजिन आमच्या दोघांच्या कानांना ऐकू येत होतं आणि कॉम्प्युटरच्या लेखी ते उभं होतं. इंजिन फिरतंय हे क्रँक सेन्सर कळवतो. त्याचा सिग्नल आला नाही तर इंजेक्टर कधी उघडायचे हे कॉम्प्युटरला कळत नाही, म्हणून तो ते उघडतच नाही. मग पंप नवा असो की जुना, गाडी चालू होणार कशी?

ते गाडीखाली गेले आणि पाच मिनिटांत मला आत बोलावलं. गियरबॉक्सच्या तोंडाशी, फ्लायव्हीलजवळ (इंजिनच्या जड चाकाजवळ) हा सेन्सर बसतो. त्याची वायर एका क्लिपने वर धरलेली असायला हवी. क्लिप नव्हती. वायर लोंबून सायलेन्सर पाइपच्या ब्रॅकेटवर टेकली होती. उष्णतेने आवरण कडक होऊन फुटलं होतं आणि बोटाच्या पेराएवढ्या जागेत तांबं उघडं पडलं होतं, ब्रॅकेटवर घासल्याची चकाकी दिसत होती. मेस्त्रींनी लाकडाच्या काडीने वायर उचलून धरली आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. गाडी चालू झाली. काडी काढून वायर ब्रॅकेटवर दाबली, गाडी बंद. असं त्यांनी तीन वेळा करून दाखवलं. माझ्या मोबाइलमध्ये त्याचा व्हिडिओ आहे, सोबत पाठवतो आहे. सेन्सर मोजला तर चांगला होता. वायर जोडून, वर उष्णता सोसणारी नळी चढवून, नवीन क्लिप मारून त्यांनी 700 रुपये घेतले. त्यानंतर वाशीच्या बारा खेपा झाल्या. गाडी एकदाही अडली नाही.

मधल्या काळात ती चालू का झाली, हेही त्यांनी सांगितलं. पंप काढताना-बसवताना वायरिंग हललं आणि वायर काही दिवस ब्रॅकेटपासून दूर राहिली. आपल्या लोकांना वाटलं असेल की पंपाने काम केलं.

आता आपल्याच केंद्राचा एक कागद. 20 जूनच्या जॉब कार्डला स्कॅनरची प्रिंट टाचलेली आहे, पंप खोलण्याच्या आधीची. मला ती बिलासोबत मिळाली, तेव्हा समजली नव्हती. 4 जुलैला मेस्त्रींनी ती वाचून दाखवली. सेल्फ मारतानाचं रेल प्रेशर : 290 बार. त्याच्या बरोबर खालच्या ओळीत इंजिनचा वेग : 0. म्हणजे पंप दाब देतो आहे आणि कॉम्प्युटरला इंजिन फिरताना दिसत नाही, या दोन्ही गोष्टी आपल्या तंत्रज्ञाच्या हातात त्याच दिवशी, एकाच कागदावर होत्या. तरी पंप बदलला गेला. इंजेक्टर लीक आहेत म्हणून दोन बदलले, तर रिटर्नची, म्हणजे इंजेक्टरमधून परत येणाऱ्या डिझेलची, तपासणी कुठे आहे? आमच्याकडचे मेस्त्रीसुद्धा चारही इंजेक्टरच्या रिटर्नला सलाइनच्या नळ्या आणि बाटल्या लावून कुणातून किती डिझेल परत येतं ते मालकाला दाखवतात. जॉब कार्डवर असा एकही आकडा नाही.

जुने पार्ट मागितले तर ‘ते कंपनीकडे गेले’ असं उत्तर मिळालं. वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनीकडे जातो हे मला माहीत आहे. पण मी पूर्ण पैसे मोजले आहेत, म्हणजे जुना पंप आणि दोन्ही इंजेक्टर माझे आहेत. ते मिळाले तर बाहेर टेस्ट बेंचवर (तपासणीच्या यंत्रावर) लावून चांगले होते की वाईट ते कळेल.

क्लिपबद्दल मला विचारपूर्वक लिहायचं आहे, कुणावर खोटा आळ घ्यायचा नाही. 96,000 किलोमीटरला आपल्याच केंद्रात क्लच प्लेट बदलली. त्यासाठी गियरबॉक्स उतरवावा लागतो आणि ही वायर बाजूला करावी लागते. त्यानंतर तिथे दुसऱ्या कुणीही हात घातलेला नाही. क्लिप तेव्हाच परत बसली नाही असं मला वाटतं. त्या कामाचं जॉब कार्ड आपल्याकडे आहे, आपण चौकशी करावी.

माझी मागणी अशी. दोन्ही बिलांचे 59,210 रुपये परत मिळावेत. दुरुस्तीने बिघाड गेला नाही, हे आपल्याच 3 जुलैच्या इस्टिमेटवरून सिद्ध होतं. काढलेला पंप आणि इंजेक्टर माझ्या ताब्यात द्यावेत. 20 जूनला नेमकी काय तपासणी केली आणि कशाच्या आधारे पंप खराब ठरवला, हे तंत्रज्ञाच्या सहीने लेखी द्यावं. टोचनचे 3,500 रुपये आणि 19 जूनच्या मालाचं नुकसान यांचा हिशेब वेगळा जोडला आहे. 19 जूनला गाडी बंद पडली ती 13 जूनला बिघाड न शोधता परत दिल्यामुळे, म्हणून त्याचाही विचार व्हावा.

आणखी एक विनंती मनापासून आहे, पैशांपेक्षा मोठी. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम दिसतो की नाही, एवढं पाहायला दोन मिनिटं लागतात. ते पाहून जॉब कार्डवर लिहिल्याशिवाय कुणाच्याही गाडीचा पंप खोलायचा नाही, असा लेखी आदेश आपल्या सर्व केंद्रांना द्या. माझ्यासारखे शेकडो पिकअपवाले रात्री हा घाट उतरतात. ड्रायव्हरने सांगितलेलं त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.

सेवा केंद्रात मी तोंडी एक गोष्ट ऐकली की गाडी व्यावसायिक आहे, ग्राहक कायदा तुम्हाला लागू नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वतः राबून केवळ उपजीविकेसाठी वस्तू वापरणाऱ्या माणसाला ग्राहकच मानलं आहे. मी त्यात बसतो. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर मिळालं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ती वेळ येऊ नये अशी माझी इच्छा आहे. गाडी चांगली आहे, पुढचीही आपलीच घ्यायचं मनात होतं.

आपला प्रतिनिधी येणार असेल तर दुपारी 2 नंतर यावा, सकाळी मी वाशीहून परतत असतो. वायरचा कापलेला तुकडा घरी ठेवला आहे, तो पाहता येईल.

आपला,
(स्वाक्षरी)
गाडीमालक व चालक

सोबत : 13 जून व 28 जूनची बिलं, 20 जूनचं जॉब कार्ड व स्कॅनर प्रिंट, 3 जुलैचं इस्टिमेट, 96,000 किमीच्या क्लच कामाचं बिल, 4 जुलैचा व्हिडिओ व वायरचे फोटो, टोचनची पावती, मालाच्या नुकसानीचा हिशेब.