स्टोकसेला किल्ला नको, गढी म्हणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत स्टोकसे कॅसलचा फोटो झकास आलाय, पण खाली 'अभेद्य किल्ला' छापलंय ते काही पटलं नाही. इंग्लंडमधल्या श्रॉपशायरात, वेल्सच्या सीमेजवळची ही वास्तू नावाला कॅसल, खरं तर एका व्यापाऱ्याची गढी. लॉरेन्स ऑफ लडलो म्हणजे लोकरीतला बडा माणूस, त्याने 1281 मध्ये ही जागा घेतली, घर बांधलं आणि 1291 मध्ये राजा पहिल्या एडवर्डकडून तटबंदीचा परवाना काढला. हो, तेव्हा घरावर चर्या (भिंतीवरचे तटासारखे दाते) चढवायच्या तर परवाना लागायचा, आणि तो मिळाला की चार लोकांत वजन वाढायचं ते वेगळंच.

फोटो परत बघा. दोन टोकांना दोन बुरूज, भोवती खंदक, थाट सगळा किल्ल्याचा, पण मधल्या हॉलच्या खिडक्या केवढ्या आहेत, त्याही खंदकाच्या बाजूनेसुद्धा! वेढ्याची धास्ती असलेला माणूस अशा खिडक्या ठेवेल का? चोर-दरोडेखोर आले तर रात्र निभावेल एवढाच बंदोबस्त.

आत तर अजून मजा. हॉलला धुराडं नाही, मधोमध अष्टकोनी चूल, धूर जायचा वर छपरात. तिथल्या जिन्याच्या पायऱ्या अख्ख्या ओंडक्यातून कापलेल्या, बघतच राहावं अशा. मालकाच्या खोलीत फायरप्लेसच्या दोन बाजूंना दोन छोटे झरोके, त्यातून खाली हॉलमध्ये कोण काय करतंय ते दिसायचं (आजचा सीसीटीव्हीच की!), पण त्या खोलीत जायचा जिना मात्र बाहेर अंगणात. बिचाऱ्याला हे सुख फार लाभलं नाही म्हणा, 1294 मध्ये लोकरीच्या जहाजांबरोबर जाताना तो समुद्रात बुडाला.

आणि अभेद्य कसलं हो, 1645 मध्ये राजा विरुद्ध पार्लमेंट अशा यादवी युद्धात पार्लमेंटची फौज दारात आली तेव्हा आतल्या शिबंदीने फारसं न लढता जागा सोडून दिली. नंतर तट उतरवला गेला पण घराला धक्का लागला नाही, म्हणून हॉल आज बघायला मिळतो. फोटोत पुढे दिसणारी पिवळी देवडी तर त्याच्या जेमतेम काही वर्षं आधीची, चक्क लाकडी चौकटीची.

तेवढी फोटोखालची ओळ दुरुस्त करा. फोटो अजून असतील तर आतल्या जिन्याचा जरूर छापा.

आपला,
एक नियमित वाचक