'वढाय वढाय' दोनदाच म्हणायचं!

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात मुलीच्या शाळेत पाठांतर स्पर्धा होती, तिथं एका पोराने बहिणाबाईंचं 'मन वढाय वढाय' म्हटलं, मस्त म्हटलं, तर परीक्षक म्हणे 'वढाय', 'हाकला' परत परत कशाला, एकदा म्हणून पुढे जायचं. आपल्या जळगाव जिल्ह्यातच असं ऐकून खरंच वाईट वाटलं.

बोटांवर मोजा ना. म-न-व-ढा-य-व-ढा-य, 8 अक्षरं. 'उभ्या पिकातलं ढोर', परत 8. पुढचे 'किती हाकला हाकला', 'फिरी येतं पिकांवर' धरून चारही चरण 8-8 चे, तिसऱ्यातला एक 'हाकला' काढला की राहिली 5 अक्षरं, चरण लंगडा झाला. आणि गंमत बघा, दुसऱ्या-चौथ्या चरणात 'ढोर' आणि 'पिकांवर'चं यमक आहे, पहिल्या-तिसऱ्यात ते नाही, तिथं शब्दच दोनदा येतो. ज्याने ढोर हाकललंय त्याला माहितीये, बांधापर्यंत नेऊन सोडलं की वळून परत कपाशीत, तसाच तो शब्दही फिरून येतो.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, गाणी सोपानदेव वगैरे घरच्यांनी उतरवून घेतली म्हणून 1952 मध्ये पुस्तक आलं. माझी आजी पण अडाणीच, जात्यावर ओव्या म्हणायची, एखादं अक्षर कमी पडलं की 'गं' नाहीतर 'माय' टाकून भरून काढायची, कानालाच कळायचं तिला.

तुमच्या मुलांच्या पानावर अक्षरं मोजायची ही पद्धत एकदा छापा, प्लीज.

– एक पालक, जळगाव