ऑपरेशन आत्ताच का

गंगापूर रोड, नाशिक

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

माझ्या प्रोस्टेटच्या, म्हणजे मूत्राशयाखालच्या वाढून लघवीची वाट अडवणाऱ्या ग्रंथीच्या, ऑपरेशनबद्दल "या वयात चिरफाड कशाला?" असे तू फोनवर विचारलेस. आई शेजारी होती, म्हणून तेव्हा बोललो नाही. चिरफाड झाली ती तुझ्या आजोबांची. त्यांचे ओटीपोट उघडून प्रोस्टेट काढले होते. आता कमरेखालची भूल देऊन लघवीच्याच मार्गाने दुर्बीण घालतात आणि अडथळा करणारा भाग आतून काढतात. माझी ग्रंथी मोठी आहे आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेल्या स्टेंटमुळे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, म्हणून डॉक्टरांनी रक्तस्राव कमी होणारी लेझरची पद्धत सुचवली आहे. कोणती गोळी किती दिवस थांबवायची, हे हृदयाचे डॉक्टर ठरवतील; ती आपल्या मनाने बंद करणे मला ऑपरेशनपेक्षा धोक्याचे वाटते.

धोका नाही असे मी म्हणत नाही. लेझर येण्यापूर्वी, १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ३,८८५ रुग्णांच्या पाहणीत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर दगावणाऱ्यांचे प्रमाण ०.२ टक्के होते. मात्र ज्यांनी ऐंशी ओलांडली होती किंवा ज्यांची लघवी पूर्ण तुंबल्यावर ऑपरेशन करावे लागले, त्यांच्यात गुंतागुंत अधिक आढळली. मला एकोणऐंशी पूर्ण झाली आहेत आणि लघवी अजून तुंबलेली नाही. थांबण्यात शहाणपण नाही ते याचसाठी. शिवाय वर्षानुवर्षे जोर लावून थकलेले मूत्राशय नंतर वाट मोकळी झाली तरी नीट आकुंचन पावत नाही, मग लघवीची नळी कायमची गळ्यात पडते. लघवी मोकळी होण्यासाठीच्या गोळ्यांनी मला उठताना चक्कर येते, आणि सारखे लघवीला लागत असल्याने त्र्यंबकला एसटीने जाणे तर केव्हाच सुटले.

ऑपरेशननंतर बहुतेकांचे वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते. मला त्याचे सुखदुःख नाही, पण कुणा तरुण रुग्णाला हे आधी सांगायला हवे. काही आठवडे घाईची लघवी आणि थोडी गळती होऊ शकते. ती बहुतेकांची थांबते, काही थोड्यांची राहते.

म्हाताऱ्यांना दवाखान्यात रात्री भ्रम होतो, म्हणून पहिल्या दोन रात्री तू उशाशी बस आणि माझा चष्मा व कानाचे यंत्र हाताशी ठेव. दहाव्या दिवसाच्या सुमारास खपली सुटून लघवी लाल होऊ शकते, तेव्हा आई घाबरेल. त्या आठवड्याचीही रजा आत्ताच मागून ठेव.

तुझा,
बाबा