धुराची उंचीही मोजा: केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल-मे आला की उत्तराखंडातली चीडची, म्हणजे पाइनची, जंगलं पेटू लागतात. सुयांसारख्या वाळलेल्या पानांचा, तिथल्या बोलीत पिरूलचा, जाड थर जमिनीवर पसरलेला असतो. त्याला एक ठिणगी पुरते. आग कुठे लागली हे आता लपून राहत नाही. उपग्रहाला उष्णता दिसते आणि डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था त्यावरून वनखात्याला इशारे पाठवते. हे काम मोलाचं आहे. पण त्या इशाऱ्यात आगीची जागा असते, धुराची उंची नसते. लोकांच्या श्वासाचा प्रश्न तर उंचीवरच अडतो.

वरून काढलेल्या छायाचित्रात धूर तीन किलोमीटरवर असो की दरीतल्या घरांच्या खिडक्यांशी, करडा पट्टा सारखाच दिसतो. वरचा धूर वाऱ्याबरोबर लांब निघून जातो. खालचा रात्रीच्या थंड हवेत दरीतच कोंडतो आणि सकाळी शाळेला निघालेल्या मुलांच्या छातीत जातो. पूर्वानुमानात उंची चुकली की धूर भलत्याच वाऱ्याबरोबर जाताना दिसतो आणि सावध व्हायला हवं ते गाव बेसावध राहतं.

ही उंची मोजता येते. 1999च्या डिसेंबरात सोडलेल्या ‘टेरा’ उपग्रहावरच्या ‘मिसर’ उपकरणाला नऊ कॅमेरे आहेत. सुमारे सात मिनिटांत ते एकच जागा नऊ कोनांतून टिपतात. डोळ्यांपुढे बोट धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटला की बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखं वाटतं. धूरही तसाच जमिनीवर सरकलेला दिसतो. वाऱ्याने झालेली हालचाल त्यातून वजा केली की उरलेल्या सरकण्यावरून उंची निघते. मात्र ‘मिसर’ला एका फेरीत दिसणारा पट्टा जेमतेम 380 किलोमीटर रुंदीचा, फेरी सकाळची, आणि आगी भडकतात दुपारी. शिवाय ‘टेरा’ आता म्हातारा झाला आहे. लेसरने धुराचे थर मोजणारा ‘कॅलिप्सो’ उपग्रह 2023 मध्ये थांबला.

युरोपचा ‘सेंटिनेल-5पी’ उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास जातो. त्यावरचं ‘ट्रोपोमी’ उपकरण हवेतल्या ऑक्सिजनने किती प्रकाश शोषला ते पाहतं: धूर जितका उंच, तितका परतणाऱ्या प्रकाशाचा हवेतला प्रवास कमी आणि शोषणही कमी. उजळ जमिनीवर मात्र ते धुराची उंची खऱ्यापेक्षा कमी दाखवू शकतं, म्हणून आपल्या डोंगरांत ते जमिनीवरून तपासून घ्यायलाच हवं. नैनितालच्या मनोरा शिखरावर ‘एरीज’ ही आकाश आणि वातावरणाचा अभ्यास करणारी संस्था आहे. आगीच्या हंगामात तिथून आणि खालच्या दऱ्यांतून लेसरने रोज मोजणी व्हावी, त्यासाठी वेगळा निधी द्यावा.

दिल्लीच्या हवेचं पूर्वानुमान आमच्या पुण्यातल्या पाषाणची आयआयटीएम, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, करते. आम्हाला तिचा अभिमान आहे. वणव्यांच्या महिन्यांत उत्तराखंडातल्या कुमाऊं-गढवालसाठीही असंच पूर्वानुमान हिंदीतून, उंचीसकट, रोज लोकांपुढे यावं. आणि धुराची उंची मोजणारं उपकरण आपल्याच उपग्रहावर असावं, यासाठी आपण इस्रोकडे आग्रह धरावा. 2025 मध्ये इस्रोचा ‘निसार’ उपग्रह अमेरिकेच्या साथीने उडाला. तसा भागीदार इथेही शोधता येईल. उपग्रह घडायला वर्षं लागतात, त्यामुळे त्याचा प्रस्ताव याच अर्थसंकल्पात यावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक शिक्षक, पुणे