अण्णांना पत्र, आइंडहोवनहून

आइंडहोवन,
नेदरलँड्स,
नोव्हेंबर

ती. अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत की फिलिप्सनं रेडिओ-टीव्ही सोडून दिलं म्हणतात, मग त्या गावात आता राहिलंय काय? फोनवर सांगण्याएवढी ती लहान गोष्ट नव्हती, म्हणून सुट्टीच्या दिवशी निवांत लिहायला बसले. आईला वाचून दाखवा. सोहमलाही द्या, पुढच्या वर्षी त्याला इलेक्ट्रॉनिक्सला जायचंय ना!

सोडून दिलं हे खरंच आहे. टीव्हीवर नाव फिलिप्सचं असतं, पण करणारे दुसरे. दिव्यांचा धंदा २०१६ मध्ये वेगळा झाला, चिपचा त्याच्या दहा वर्षं आधीच. कंपनीचं मुख्य ऑफिसही १९९७ पासून ॲमस्टरडॅमला आहे आणि आता भर दवाखान्यातल्या यंत्रांवर. पण गेरार्ड फिलिप्स आणि त्यांचे वडील फ्रेडरिक यांनी १८९१ साली ज्या कारखान्यात बल्ब करायला घेतले, ती इमारत एमासिंगेल रस्त्यावर अजून उभी आहे. तिथं म्युझियम केलंय. मी गेले ते तुमच्यासाठीच गेले, आणि सगळ्यात जास्त वेळ एकाच काचेसमोर उभी राहिले. आत १९६३ चा पहिला कॅसेट रेकॉर्डर होता, ईएल ३३००. चालू, पुढं, मागं सगळं एकाच कळीवर आणि रेकॉर्डिंगचं लाल बटण तेवढं वेगळं. वर आपली ओळखीची कॅसेट! साठ वर्षांपूर्वीची, आणि तुमच्या दुकानातल्या कुठल्याही डेकमध्ये आज घातली तरी वाजेल.

हे मी उगाच म्हणत नाही. मला तुम्हाला सांगायचंय तेच हे.

ही कॅसेट नॅटलॅबमध्ये, म्हणजे फिलिप्सच्या इथल्या मोठ्या प्रयोगशाळेत झाली नाही. ती झाली बेल्जियममधल्या हासेल्ट गावातल्या त्यांच्या कारखान्यात. तिथं लू ऑटन्स नावाचे इंजिनिअर नवीन वस्तू तयार करणाऱ्या विभागाचे प्रमुख होते. तेव्हाच्या टेपरेकॉर्डरला मोठी रिळं असत, टेप हातानं ओवावी लागे. ऑटन्स यांनी आधी एक लाकडी ठोकळा कापून घेतला, कोटाच्या खिशात बसेल एवढा, आणि यंत्र याच्यापेक्षा मोठं होता कामा नये असं ठरवून टाकलं. आधी माप, मग आतलं सगळं. पुढं गाडीचं चाक बदलताना जॅकखाली टेकू म्हणून तोच ठोकळा लावला आणि तो गेला. तो राहिला असता तर म्युझियममध्ये कॅसेटशेजारी शोभला असता.

खिशात मावायचं तर टेप अरुंद हवी आणि हळू फिरायला हवी. रुंदी ३.८१ मिलिमीटर, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. घरगुती रिळांच्या मशीनवर याच्या दुप्पट किंवा चौपट वेग वापरत. एवढ्या हळू फिरणाऱ्या टेपवर बारीक आवाज, झांजांची किणकिण, हे सगळं फार दाटीनं लिहिलेलं असतं. टेपवरचा आवाज वाचणारं हेड केसभर जरी तिरकं झालं तरी ते आधी जातं. तुम्ही हेडशेजारच्या त्या एका स्क्रूला पाव आटा द्यायचा आणि दबलेला आवाज एकदम मोकळा व्हायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, अण्णांच्या हाताला गुण आहे. गुण होताच, पण त्या पाव आट्यामागचं शास्त्र मला इथं येऊन नीट कळलं आणि तुमच्याबद्दल फार अभिमान वाटला. कान हेच तुमचं मीटर होतं.

आणखी एक. तुमच्या मोनो टेपवर स्टिरिओ कॅसेट लावली तरी गाणं पूर्ण ऐकू यायचं, अर्धं कधी गायब नाही व्हायचं. कारण डावा आणि उजवा आवाज टेपवर शेजारी शेजारी ठेवलाय, मोनोचं रुंद हेड दोन्ही एकदम उचलतं. म्हणजे ज्याच्याकडं साधं मशीन आहे त्याचं नुकसान होऊ नये, हा विचार आधीच करून ठेवलेला होता. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. आपल्या गल्लीत स्टिरिओ होता किती जणांकडं?

आता मुख्य मुद्दा. जर्मनीत ग्रुंडिगनं १९६५ मध्ये वेगळ्या मापाची कॅसेट आणली होती. फिलिप्सपुढं प्रश्न होता, आपली कॅसेट दुसऱ्यांनी बनवली तर पैसे घ्यायचे का? सोनीशी वाटाघाटी झाल्या आणि शेवटी हक्काचे पैसे सोडले, सोनीला आणि बाकीच्यांनाही. अट एकच, मापात बदल करायचा नाही. भोकं तिथंच, टेप तेवढीच, वेग तोच. म्हणून जपानची कॅसेट, दिल्लीची कॅसेट आणि बाजारातली बिननावाची ब्लँक कॅसेट, तिन्ही तुमच्या टेबलावर एकाच डेकमध्ये बसायच्या. म्हणून एक कारागीर बार्शीत बसून जगातली कुठलीही टेप दुरुस्त करू शकत होता. लोक कागदावर गाण्यांची यादी लिहून आणायचे आणि तुम्ही गाणी भरून द्यायचात, सी-६० नाहीतर सी-९०, म्हणजे साठ नाहीतर नव्वद मिनिटांची. सी-१२० मागितली की तुम्ही नको म्हणायचात, गुंतेल म्हणून. बरोबर होतं तुमचं. सी-६० ची टेप १८ मायक्रॉन जाड असते, सी-१२० ची फक्त ९. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं, भीमगीतं, लग्नातली वाजंत्री, कीर्तनं, सगळं त्या एका मापात भरलं गेलं. आपलं घर त्या मापावर चाललं, अण्णा, माझं शिक्षणही. ते माप कुणी फुकट दिलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार त्या काचेसमोर माझ्या मनातून जाईना.

नॅटलॅबचंही सांगते, सोहमसाठी. नेदरलँड्समध्ये १८६९ पासून १९१२ पर्यंत पेटंटचा कायदाच नव्हता, त्यामुळं फिलिप्सनी कुणालाही पैसे न देता बल्ब केले. कायदा आल्यावर स्वतःचं काही शोधणं भाग होतं आणि १९१४ मध्ये ही प्रयोगशाळा सुरू झाली. पहिले प्रमुख खिलेस होल्स्ट, कामरलिंग ओनेस यांच्या लायडनच्या प्रयोगशाळेतून आलेले. १९११ मध्ये पारा अतिथंड केल्यावर त्याचा विजेला होणारा विरोध नाहीसा होतो हे जिथं दिसलं, त्या मोजमापात ते होते. त्यांची काम करण्याची पद्धत पुढं तिथलेच शास्त्रज्ञ हेंड्रिक कॅसिमिर यांनी लिहून ठेवली. तरुण आणि हुशार माणसं घ्या, त्यांना मोकळीक द्या, त्यांच्या तऱ्हा सांभाळून घ्या, शोधनिबंध छापू द्या. आणि माल बनवणाऱ्या विभागांच्या हातात संशोधनाच्या पैशाच्या किल्ल्या कधी देऊ नका. हे शेवटचं मला सगळ्यात पटतं. ज्याला पुढच्या तिमाहीचा माल विकायचाय तो वीस वर्षांनंतरच्या कामाला पैसे कसे देणार?

कॅसिमिर यांनी स्वतः तिथंच १९४८ मध्ये दाखवलं की निर्वात पोकळीत धातूचे दोन पत्रे अगदी जवळ ठेवले तर ते एकमेकांकडं ओढले जातात. रेडिओ विकणाऱ्या कंपनीला याचा काय उपयोग? पण करू दिलं. आणि तुमच्या कपाटात कापसात गुंडाळलेला ईएल ८४ व्हॉल्व्ह आहे ना, जुन्या रेडिओतली काचेची नळी, तो पेंटोड, म्हणजे आत पाच इलेक्ट्रोड असलेला. पेंटोडचा शोध याच प्रयोगशाळेतल्या बर्नार्ड टेलेगन यांचा, १९२६ चा. सोहमला पुढं सर्किटच्या अभ्यासात टेलेगन यांचा सिद्धांत येईल, तेव्हा तो व्हॉल्व्ह त्याच्या हातात द्या.

सीडीचं मूळ मात्र खास नॅटलॅबचं. काहीही न टेकवता लेसरच्या उजेडानं तबकडी वाचायची, यावर तिथं साठच्या दशकाच्या अखेरीपासून काम चाललं होतं, आधी चित्रांसाठी. ८ मार्च १९७९ ला इथंच पत्रकारांना सीडीचा नमुना ऐकवला आणि मग मंडळी थेट जपानला गेली, तिथं सोनीशी जुळलं. पुन्हा तेच, एकट्यानं माप ठरवलं तर चालणार नाही. फिलिप्सला तबकडी साडेअकरा सेंटिमीटरची हवी होती, कॅसेटच्या कर्णाएवढी. ठरली बारा सेंटिमीटरची. फिलिप्सनं १४ बिटचं सर्किट तयार केलं होतं, सोनीला १६ च हवे होते (बिट जितके जास्त तितका आवाज बारकाईनं नोंदला जातो). १६ ठरले. मग फिलिप्सच्या माणसांनी आपलं १४ बिटचंच सर्किट चौपट वेगानं चालवून १६ च्या तोडीचा आवाज काढला आणि पहिल्या प्लेअरमध्ये तेच घातलं. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठले! हातात आहे त्या सामानातून रस्ता काढायचा, हे मी लहानपणापासून घरात बघितलंय. ओरखड्यानं गेलेली माहिती भरून काढण्याची युक्ती बरीचशी सोनीची, तबकडी आणि लेसरचं ज्ञान फिलिप्सचं. कुणाचं श्रेय किती यावर आजही वाद घालता येईल. मला दोघांनी एका टेबलावर बसून सीडीच्या मापांचं एक नियमपुस्तक लिहिलं हेच महत्त्वाचं वाटतं.

सोबत एक नाणं पाठवलंय, जुनं डच दहा सेंटचं. युरो आल्यापासून चालत नाही, जुन्या बाजारात मिळालं. कुठल्याही सीडीच्या मधल्या भोकावर धरून बघा. १५ मिलिमीटर, अगदी त्याच मापाचं. भोक केवढं ठेवायचं ते ठरवताना हेच नाणं समोर होतं, असं इथले लोक सांगतात.

सगळंच जमलं असं नाही. त्यांची दोन्ही बाजूंनी वाजणारी व्हिडिओ कॅसेट व्हीएचएस या दुसऱ्या मापाच्या व्हिडिओ कॅसेटपुढं टिकली नाही. १९९२ मध्ये आणलेली डिजिटल कॅसेटही चार वर्षांत बंद पडली. खिशातला वॉकमन काढला तो सोनीनं, ऑटन्स यांच्या लोकांनी नाही, आणि ते त्यांना लागलं होतं. २०२१ च्या मार्चमध्ये ऑटन्स गेले, ९४ वर्षांचे होऊन.

तर गावात काय राहिलंय? जगभरच्या चिप ज्या यंत्रांवर छापतात ती करणारी एएसएमएल शेजारच्या फेल्डहोवनला आहे. तिचं बी नॅटलॅबमध्ये सत्तरच्या दशकात पडलं, कंपनी १९८४ मध्ये वेगळी झाली, सुरुवात फिलिप्सच्या आवारातल्या शेडमध्ये. नॅटलॅबच्या नव्या जागेचं आता मोठं आवार झालंय, शेकडो कंपन्यांचं. दुपारी जेवायला बाहेर पडलं की मराठी कानावर पडतं. जुन्या इमारतीत सिनेमा-नाटक चालतं. कंपनीनं वस्तू सोडल्या, पण इथली माणसं तेच काम करतायत.

आता कामाचं. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात आहे. मी येईपर्यंत ती वाजवू नका, पण हातानं पेन्सिल घालून एकदा पूर्ण पुढं आणि एकदा पूर्ण मागं फिरवून ठेवा, वेटोळे एकमेकांना चिकटले असतील तर सुटतील. आतला फेल्टचा तुकडा गळला असेल तर दुसऱ्या कॅसेटचा काढून लावा. डेकचा बेल्ट नक्की विरघळला असणार. जुन्या बेल्टचं माप दोऱ्यानं घेऊन कळवा, मी इथून आणते. हेड तुम्हीच सेट करायचं, स्क्रूला मी हात लावणार नाही. मग ओव्या कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ आणि आत्यांना, काकांना सगळ्यांना पाठवू.

आईच्या गुडघ्याचं तेल संपत आलं असेल तर आधीच आणून ठेवा. थंडीत सकाळी फिरायला जाताना कानाला मफलर बांधत जा.

सोहमला आशीर्वाद, आईला नमस्कार.

तुमची,
वैशाली